दूरच्या बेटांची नाणी आणि कोलकात्याची टांकसाळ

जगाच्या नकाशावर ज्यांचा ठिपका शोधत बसावे लागते अशा अनेक बेटांच्या नावाने आज सोन्याची, चांदीची आणि रंगीत चित्रांची नाणी निघतात, आणि त्यांपैकी पुष्कळांवर पेंग्विन, समुद्री कासव, देवमासा, अल्बट्रॉस असे त्या त्या बेटाचे पशुपक्षी असतात. या नाण्यांवर मूल्य लिहिलेले असते, बहुतेकदा राजाची किंवा राणीची मुद्राही असते आणि कायद्याने ती चलन ठरलेली असतात. परंतु त्या बेटावरच्या दुकानात ती जवळजवळ कधीच पोहोचत नाहीत, कारण ती घडवली जातात हजारो किलोमीटरवरच्या टांकसाळीत आणि विकली जातात जगभरच्या संग्राहकांना. हा व्यवहार अलीकडचा असला, तरी दूरच्या बेटांसाठी मुख्य भूमीवर नाणी पाडण्याची रीत जुनी आहे, आणि हिंदी महासागरापुरते बोलायचे तर कोलकाता हे तिचे एक प्रमुख केंद्र होते. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्यातील इंग्रज सरकारच्या काळात पिनांग, मॉरिशस, अंदमान या बेटांसाठी पडलेली नाणी आणि आजची पशुपक्ष्यांची नाणी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे नाण्यावर प्राणी केव्हा येतो, कोणासाठी येतो आणि त्या प्राण्याला त्याचा काही उपयोग होतो का, हे प्रश्न नीट विचारता येतात.

फोर्ट विल्यम हे नाव मराठी वाचकाला बहुधा दुसऱ्या एका कारणाने परिचित असते. १८०० मध्ये तेथे स्थापन झालेल्या महाविद्यालयात विल्यम केरी मराठी शिकवत असे आणि त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले. आता त्या परिचयात एक नवी भर पडली आहे. भारतीय सैन्याच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या या किल्ल्याचे नाव बदलून ‘विजयदुर्ग’ ठेवल्याचे २०२५ च्या आरंभी जाहीर झाले. हे नाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिवकालीन सागरी किल्ल्यावरून घेतले आहे, आणि किल्ल्याच्या सेंट जॉर्ज दरवाजालाही शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले आहे. मात्र आजचा हा किल्ला म्हणजे मूळचा फोर्ट विल्यम नव्हे. मूळ किल्ला हुगळीच्या काठी, आज जेथे कोलकात्याचे मुख्य टपाल कार्यालय उभे आहे त्या परिसरात होता. १७५६ मध्ये सिराज-उद्-दौलाने तो जिंकल्यानंतर इंग्रजांनी दक्षिणेकडे नवा किल्ला बांधावयास घेतला.

कोलकात्याची पहिली टांकसाळ त्या जुन्या किल्ल्यातच होती. १७५७ मध्ये नवाबाशी झालेल्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीला नाणी पाडण्याची मोकळीक मिळाली, परंतु ती नाणी कंपनीच्या नावाने निघाली नाहीत. त्यांवर मोगल बादशहाचे नाव असे, आणि पुढे तर दीर्घकाळ टांकसाळीचे गाव म्हणून मुर्शिदाबाद लिहिले जाई. शाह आलम बादशहाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा आकडा नाण्यांवर असा गोठवला गेला की बादशहा वारल्यानंतरही तो बदलला नाही. लोकांचा विश्वास ओळखीच्या छापावर असतो, हे कंपनीच्या व्यापाऱ्यांना पुरते कळले होते. टांकसाळ पुढे दोनदा हलली; १८२४ मध्ये पाया घातलेली आणि १८२९ मध्ये सुरू झालेली स्ट्रँड रोडवरील तिसरी इमारत अथेन्समधील अथेनादेवीच्या मंदिराच्या धर्तीवरचा दर्शनी भाग मिरवीत उभी राहिली. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा जेम्स प्रिन्सेप याच टांकसाळीत धातूची शुद्धता तपासणारा मुख्य अधिकारी होता.

कंपनीची सत्ता समुद्रापलीकडे पसरली तशी या टांकसाळीकडे बेटांची कामे आली. फ्रान्सिस लाइटने १७८६ मध्ये कंपनीसाठी पिनांग बेट घेतले आणि लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे १७८७ मध्ये, त्या बेटासाठी चांदीची व तांब्याची लहान नाणी कोलकात्यात तयार झाली; एका बाजूस कंपनीची व्यापारी खूण आणि दुसऱ्या बाजूस अरबी वळणाच्या लिपीतील बेटाचे नाव, एवढाच त्यांचा मजकूर होता. मॉरिशस फ्रेंचांकडून जिंकून घेतल्यावर तेथील व्यवहारात सुट्या पैशांची जी ओढाताण झाली तिच्यावर उपाय म्हणून १८२२ च्या सुमारास पंचवीस आणि पन्नास सू मूल्याची चांदीची नाणी कोलकात्याहून पुरवली गेली, आणि बेटाचे सरकार इंग्रज असूनही त्यांवरचा मजकूर फ्रेंचमध्ये होता. मलाक्का सामुद्रधुनीतील वसाहतींचा कारभार १८६७ पर्यंत कोलकात्याहून चालत असल्याने १८६२ ची ‘इंडिया स्ट्रेट्स’ अशी अक्षरे असलेली तांब्याची सेंट-नाणीही येथलीच. अंदमानात १८५८ मध्ये कैद्यांची वसाहत सुरू झाल्यावर तिच्यासाठी १८६१ मध्ये मध्यभागी भोक असलेली, एक रुपया मूल्याची तांब्याची टोकन-नाणी काढण्यात आली आणि १८७० मध्ये ती मागे घेण्यात आली. टोकन-नाणे म्हणजे ज्याच्या धातूची किंमत त्यावर लिहिलेल्या मूल्याहून पुष्कळ कमी असते आणि जे ठरवून दिलेल्या हद्दीतच चालते असे नाणे. तांब्याच्या चकतीला चांदीच्या रुपयाचे मोल देणे केवळ अशा बंदिस्त वसाहतीतच शक्य होते.

या सगळ्या नाण्यांवर त्या बेटांचा एकही प्राणी नाही. पिनांगच्या जंगलातला धनेश नाही, मॉरिशसचे कबूतर नाही, अंदमानचे कासव नाही. आहे ती मालकाची खूण, मूल्य आणि वर्ष. सत्तेला त्या बेटाकडून जे हवे होते त्यात तेथील जीवसृष्टीला स्थान नव्हते, आणि नाण्याने ते प्रामाणिकपणे नोंदवले आहे. कोलकात्याच्या टांकसाळीने प्राणी कोरलाच नाही असे मात्र नाही: १८३५ च्या सोन्याच्या मोहरेवर ताडाच्या झाडापुढे चालणारा सिंह आहे, आणि शिल्पकार जॉन फ्लॅक्समनच्या रेखाटनावरून घेतलेला हा सिंह भारतातील सर्वांत देखण्या छापांपैकी एक मानला जातो. पण तो गीरचा सिंह नव्हे. तो ब्रिटिश सत्तेचा सिंह आहे, झाड तेवढे इथले आहे.

बेटावरचा खरा प्राणी नाण्यावर येण्याचे सर्वांत जुने ठळक उदाहरण अटलांटिक महासागरातील बर्म्यूडाचे आहे. तेथे १६१६ च्या सुमारास काढलेल्या नाण्यांवर रानडुक्कर आहे, कारण जुन्या दर्यावर्दी जहाजांनी सोडलेल्या डुकरांच्या कळपांवरच जहाज फुटून तेथे अडकलेल्या पहिल्या इंग्रजांची उपजीविका झाली होती. आजही बर्म्यूडाच्या एक सेंटच्या नाण्यावर डुक्कर आहे. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील लंडी बेटाची कथा निराळी. बेटाचा खाजगी मालक मार्टिन कोल्स हार्मन याने १९२९ मध्ये स्वतःच्या मुखवट्याची नाणी पाडून घेतली, त्यांच्या मागच्या बाजूस तेथील पफिन हा रंगीत चोचीचा समुद्रपक्षी घातला आणि नाण्याच्या एककालाही ‘पफिन’ हेच नाव दिले. नाणे पाडण्याचा अधिकार राजसत्तेचा, त्यामुळे १८७० च्या नाणे कायद्याखाली त्याला पाच पौंडांचा दंड झाला आणि १९३१ मध्ये त्याचे अपीलही फेटाळले गेले. नाण्यावरचा पक्षी कितीही खरा असला, तरी नाणे खरे ठरते ते त्यामागच्या कायदेशीर अधिकाराने, ही गोष्ट या खटल्याने कायमची स्पष्ट केली. संग्राहकांच्या आजच्या बाजाराचा सगळा डोलारा याच तत्त्वावर उभा आहे.

दूरच्या भूमीचा प्राणी भारतात कोरला गेल्याचे उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी घराजवळचे आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या पेनी आणि अर्ध्या पेनीचे काम १९१६ ते १९१८ या वर्षांत कोलकात्याच्या टांकसाळीकडे आले होते, पण त्या नाण्यांवर प्राणी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ आणि १९४३ मध्ये, तेच काम मुंबईच्या फोर्टमधील टांकसाळीने केले, आणि तोपर्यंत ऑस्ट्रेलियाने आपल्या पेनीवर उडी घेणारा कांगारू आणलेला होता. राजाच्या मुखवट्याखाली ‘आय’ हे इंग्रजी अक्षर असलेल्या या पेनी मुंबईच्या आहेत. अशा बारीक अक्षराला किंवा ठिपक्याला टांकसाळ-खूण म्हणतात, आणि नाणे कोठे पडले हे सांगणारा तो सर्वांत भरवशाचा पुरावा असतो.

तथापि फोर्ट विल्यम, बेट, मराठी माणूस आणि पक्षी हे चारही धागे जेथे एकत्र येतात ते ठिकाण मॉरिशस आहे. १८३४ च्या २ नोव्हेंबरला ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कोलकात्याहून छत्तीस करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईला पोहोचले. करारबद्ध मजूर म्हणजे ठराविक वर्षे ठराविक वेतनावर उसाच्या मळ्यात राबण्याच्या अटीने नेलेला माणूस. पुढील काही दशकांत भारतातून साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर गेली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील कुटुंबेही होती, आणि त्यांच्या वंशजांनी मराठी भाषा, मराठी शाळा आणि गणेशोत्सव तेथे आजपर्यंत टिकवले आहेत. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. या लोकांबरोबर रुपयाही गेला. हिंदी रुपया तेथे इतका रुळला की १८७० च्या दशकात वसाहतीने स्वतःचे चलन ठरवताना रुपयाच स्वीकारला, आणि स्वतंत्र मॉरिशसचे चलन आजही रुपयाच आहे. कोलकात्याने पाठवलेल्या सू-नाण्यांना जे जमले नाही ते मजुरांच्या व्यवहाराने करून दाखवले.

या रुपयावर प्राणी सावकाश आले. १९३४ च्या अर्ध्या रुपयावर एक शिंगाळे हरीण आहे, पण ते मूळचे बेटाचे नाही. डचांनी ते सतराव्या शतकात जावाहून आणून सोडले. बेटाचा स्वतःचा पक्षी डोडो, आणि तो सतराव्या शतकातच संपला. डच १५९८ मध्ये तेथे उतरले, आणि त्याचे विश्वसनीय मानले जाणारे शेवटचे दर्शन १६६२ चे आहे. उडता न येणारा, माणसाला न भिणारा, जमिनीवर घरटे करणारा हा पक्षी शिकारीपेक्षाही जहाजांतून आलेल्या उंदीर, डुक्कर, माकड यांच्यापुढे हरला. १९७१ मध्ये दहा रुपयांच्या नाण्यावर आणि १९८८ पासून काही काळ सोन्याच्या नाण्यांवर डोडो आला तेव्हा त्याला जाऊन तीनशे वर्षे झाली होती. नाण्यावर आल्याने त्याचे काहीच भले होणार नव्हते.

१९७५ मध्ये मात्र मॉरिशसने वेगळ्या जातीची नाणी काढली. जागतिक वन्यजीव निधी आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघ यांनी १९७४ मध्ये अनेक देशांना बरोबर घेऊन संकटग्रस्त प्राण्यांची एक नाणेमालिका सुरू केली होती, आणि तिच्या विक्रीतून संवर्धनाला पैसा मिळावा हा हेतू होता. मॉरिशसने या मालिकेत पंचवीस रुपयांवर फुलपाखरू, हजार रुपयांच्या सोन्याच्या नाण्यावर स्वर्गीय नर्तकाच्या कुळातला तेथील पक्षी आणि पन्नास रुपयांच्या चांदीच्या नाण्यावर मॉरिशस केस्ट्रेल हा लहान शिकारी पक्षी घेतला. १९७४ मध्ये जंगलात या जातीचे अवघे चार पक्षी माहीत होते. डीडीटीसारखी कीटकनाशके, तोडलेले जंगल आणि अंडी खाणारे आगंतुक प्राणी यांनी ही वेळ आणली होती. पुढे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यांतील अंडी काढून कृत्रिम उबेने पिले वाढवण्याची, मादीला पुन्हा अंडी घालू देण्याची आणि वाढलेली पिले जंगलात सोडण्याची पद्धत चिकाटीने राबवली, आणि ही संख्या काही शेकड्यांवर गेली. केस्ट्रेल नाण्यामुळे वाचला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो वाचला तो माणसांच्या कष्टांमुळे. पण त्या वेळी त्या नाण्याने एका मरणपंथाला लागलेल्या पक्ष्याचे नाव जगभर नेले, आणि हा फरक महत्त्वाचा आहे: डोडोचे नाणे ही आठवण आहे, केस्ट्रेलचे नाणे ही वेळेवर दिलेली हाक होती.

या दोन नाण्यांच्या मापाने आजच्या बाजाराकडे पाहावे. दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांनी १९७४ पासून रोजच्या वापराच्या नाण्यांवर पेंग्विन, रानहंस, अल्बट्रॉस घेतले, आणि १९८० मध्ये पन्नास पेन्सवर वॉरा हा तेथला कोल्ह्यासारखा प्राणी आणला, जो मेंढपाळांच्या बंदुका आणि विषप्रयोगामुळे १८७६ च्या सुमारास नामशेष झाला होता. आपल्याच पूर्वजांनी संपवलेल्या प्राण्याला खिशातल्या सुट्या पैशांत जागा देणे यात मोठा प्रामाणिकपणा आहे. कंपनीची जुनी वसाहत असलेल्या सेंट हेलेनाच्या पाच पेन्सवर जोनाथन नावाचे महाकाय कासव आहे; ते १८८२ मध्ये त्या बेटावर आणले गेले तेव्हाच पूर्ण वाढलेले होते. ही नाणी तेथील माणसे वापरतात, म्हणून ती खऱ्या अर्थाने त्या बेटाची आहेत.

याउलट दक्षिण जॉर्जिया बेटावर कायमची वस्तीच नाही, पिटकेर्नवर पन्नासच्या आसपास माणसे राहतात आणि न्यूएची लोकसंख्या दोन हजारांहूनही कमी आहे. शिवाय पिटकेर्न व न्यूए येथील रोजचा व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये होतो. तरीही या तिन्ही नावांनी संग्राहकांसाठी नाणी निघत आली आहेत. व्यवहार साधारणपणे असा असतो: बेटाचे प्रशासन आपल्या नावाने नाणे काढण्याचा परवाना एखाद्या टांकसाळीला देते, टांकसाळ चित्र, धातू, छपाई, जाहिरात आणि विक्री पाहते, आणि प्रशासनाला ठरलेला हिस्सा मिळतो. ब्रिटिश प्रदेशांच्या बाबतीत राजमुद्रेसह नक्षीला लंडनहून मान्यता घ्यावी लागते. इंग्लंडमधील पॉबजॉय ही खाजगी टांकसाळ कित्येक दशके अशा कामासाठी प्रसिद्ध होती. ती २०२३ मध्ये बंद झाली. अशा नाण्याचे दर्शनी मूल्य, म्हणजे त्यावर छापलेला आकडा, त्याच्या विक्रीच्या किमतीशी काही नाते ठेवत नाही. उत्पन्नाचे साधन जवळजवळ नसलेल्या बेटाने आपल्या नावाचा असा उपयोग करणे गैर नाही. खेद याचा वाटतो की त्यातली कित्येक चित्रे त्या बेटाची नसतातच. न्यूएच्या नाण्यांवर तर चित्रपटांतील पात्रेही येऊन बसली आहेत, आणि अशा गर्दीत तेथील खरे कासव हरवते.

म्हणून भारतीय ग्राहकाने असे नाणे घेताना काही गोष्टी निरखून पाहाव्यात. ‘प्रूफ’ म्हणजे घासून चकचकीत केलेल्या ठशाने, खास तयार केलेल्या चकतीवर एकाहून अधिक वेळा दाब देऊन काढलेले नाणे. आरशासारखी पार्श्वभूमी आणि त्यावर उठून दिसणारे फिकट चित्र ही त्याची खूण. किती नाणी काढली ती संख्या महत्त्वाची, पण संख्या कमी म्हणून किंमत वाढेलच असे नाही, कारण एकाच कासवाची चांदीत, सोन्यात, रंगात आणि निरनिराळ्या आकारांत मालिका निघाली तर प्रत्येकाची संख्या आपोआप कमीच दिसते. चांदी किती आणि किती शुद्ध, हे नाण्यावर किंवा सोबतच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले असावे. विक्रीतला काही भाग संवर्धनाला जातो असे सांगितले असेल, तर कोणत्या संस्थेला आणि किती, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. आणि ज्याच्या संग्रहात पिनांग किंवा मॉरिशससाठी कोलकात्यात पडलेले एखादे जुने नाणे असेल त्याने हेही जाणून असावे की शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.

भारतीय नाण्यांवर प्राणी आलेच नाहीत असे नाही. १९४६-४७ च्या निकेलच्या नाण्यांवर वाघ होता, १९८८ पासून पोलादी पंचवीस पैशांवर गेंडा होता, आणि व्याघ्रप्रकल्पाला पन्नास वर्षे झाल्याबद्दल ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूर येथे पन्नास रुपयांचे स्मारक-नाणे प्रकाशित झाले. हे सगळे प्राणी मुख्य भूमीचे आहेत. भारताच्या दूरच्या बेटांचा एकही खास जीव ठळकपणे नाण्यावर आलेला नाही, आणि ही उणीव भरून काढण्याजोगी आहे. नारकोंडम धनेश हा पक्षी जगात फक्त नारकोंडम या सुमारे सात चौरस किलोमीटरच्या, ज्वालामुखीतून बनलेल्या बेटावर राहतो. निकोबारचा मेगापोड आपली अंडी पालापाचोळा आणि वाळूच्या ढिगात पुरून त्या उबेने उबवतो आणि २००४ च्या त्सुनामीने त्याची किनाऱ्यावरची कित्येक घरटी वाहून नेली. एका वादळाने, एका रोगाने किंवा निष्काळजीपणे आणलेल्या उंदीर-मांजरांनी होत्याचे नव्हते होऊ शकेल असे हे जीव आहेत, म्हणजे १९७५ च्या केस्ट्रेलइतकेच हाकेचे हक्कदार. डोडोसारखी त्यांची नाणी तीनशे वर्षांनी काढण्यात काही अर्थ नाही.

असे नाणे काढण्यासाठी नवा कायदा लागत नाही. नाण्यांची मूल्ये, आकार आणि नक्षी ठरवण्याचा अधिकार २०११ च्या नाणे अधिनियमाने केंद्र सरकारला दिलेला आहे, संग्राहकांसाठीची स्मारक-नाणी सरकारी टांकसाळी आजही नियमित विकतात, आणि स्ट्रँड रोडवरचे काम १९५२ मध्ये अलीपूरला हलल्यापासून कोलकात्याची टांकसाळ तेथे सुरूच आहे. अंदमानच्या कैद्यांच्या वसाहतीसाठी भोकाचे तांब्याचे रुपये ज्या टांकसाळीने पाडले, तिच्याकडेच नारकोंडमच्या धनेशाचा ठसा सोपवता येईल, आणि त्या विक्रीतील हिस्सा अंदमान-निकोबारच्या वनविभागाकडे जाईल अशी व्यवस्था नाण्याच्या अधिसूचनेबरोबरच जाहीर करता येईल.